मासा जगला म्हणजे पाणी चांगलं?

कारखान्याचं सांडपाणी नदीत किंवा खाडीत सोडण्याच्या लायकीचं आहे का, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे एक सरकारी परीक्षा आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या परिशिष्टात ती दिलेली आहे. निव्वळ सांडपाण्यात, साधं पाणी न मिसळता, मासे सोडायचे, ९६ तास थांबायचं आणि मोजायचं. शंभरातले नव्वद जगले की पाणी पास. बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते याची मापं), सामू, धातूंचं प्रमाण या कसोट्या आहेतच, पण माशाला थेट विचारलेला प्रश्न हा एवढाच: मेलास की जगलास?

ही परीक्षा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दाभोळ खाडीत मेलेल्या माशांचा खच किती वेळा लागला हे तिथल्या भोई बांधवांना विचारा. म्हणजे मुळात ही सोपी परीक्षासुद्धा आपल्याला झेपलेली नाही. पण ती झेपली, सगळे कारखाने सरळ वागले, असं क्षणभर धरून चाला. तरीही माझी तक्रार उरतेच. मासा चार दिवस जगला यावरून त्याला वास येतो का, ऐकू येतं का, अंधारात शेजारचा मासा कुठे आहे हे कळतं का, याचा काहीच पत्ता लागत नाही. आणि ज्या माशाला हे कळत नाही तो पाचव्या दिवशी कुणाच्या तरी पोटात असतो.

तांब्याचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोहो साल्मन माशांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की एका लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅम तांबं वाढलं तरी पिल्लांची घ्राणशक्ती मंदावायला लागते. या माशांच्या कातडीला जखम झाली की पाण्यात एक द्रव्य मिसळतं आणि त्याचा वास लागताच आजूबाजूचे मासे जागच्या जागी थिजतात. असं भयद्रव्य असतं हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली छोट्या गोड्या पाण्यातल्या माशांवर दाखवलं होतं. तांब्याच्या पाण्यात राहिलेली साल्मनची पिल्लं या वासाला दाद देत नाहीत, इकडेतिकडे फिरत राहतात, आणि ट्राउट मासे त्यांना सहज टिपतात. त्यांना कुठे इजा नसते, कल्ले व्यवस्थित चालू असतात. आपल्या ९६ तासांच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास झाली असती. त्याच परिशिष्टात सांडपाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला तीन मिलिग्रॅम आहे, म्हणजे तीन हजार मायक्रोग्रॅम. सांडपाणी नदीत पडल्यावर पातळ होतं हे खरं, पण ते किती पातळ व्हावं लागेल याचा हिशेब उन्हाळ्यातली नदी डोळ्यांसमोर ठेवून करावा.

वॉशिंग्टन राज्याने यावर काय केलं? २०१० मध्ये कायदा करून गाड्यांच्या ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. ब्रेक घासले की तांब्याची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाने वाहून ओढ्यात जाते. माशाच्या नाकासाठी मोटारीचा सुटा भाग बदलायला लावणारा कायदा! आपल्याकडे कुणी विधानसभेत असं विधेयक मांडलं तर हशा पिकेल.

नाक निदान आपल्याला ओळखीचं आहे. माशाकडे असलेलं एक इंद्रिय आपल्याकडे मुळीच नाही, आणि ते आपण दर रविवारी विळीवर पाहतो. जिताडा किंवा रोहू आडवा ठेवा. कल्ल्यामागून निघून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ दिसते. नीट पाहिलं तर ती सलग रेघ नसते. तिच्यावरच्या एकेका खवल्याला भोक असतं. खवल्यांखाली एक नळी असते आणि नळीत जागोजागी सूक्ष्म केसांच्या पेशींचे पुंजके असतात, वर जेलीसारखं टोपण घातलेले. बाजूचं पाणी जरा हललं की टोपण कलतं, केस वाकतात आणि माशाला कळतं की डावीकडून काहीतरी आलं. पार्श्वरेषा म्हणतात ती हीच. थव्यातले मासे एकमेकांवर न आपटता एकदम वळतात त्यात डोळ्यांबरोबर हिचाही वाटा असतो. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये डोळे गेलेले मासे आहेत; ते खडक चुकवतात ते या रेषेच्या जोरावर. बांगडा घेताना आपण डोळे पाहतो, कल्ले उचलून पाहतो, पोट दाबून पाहतो. ही रेघ मात्र खवल्यांबरोबर खरवडून टाकतो.

कानाचीही तीच गत. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, म्हणून तो बहिरा, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भलेभले विद्वान मानत होते. मघाशी उल्लेख केलेल्या फॉन फ्रिशने मागूरसारखा मिशा असलेला एक आंधळा मासा पाळला, खायला घालताना शीळ घालायची सवय ठेवली, आणि काही दिवसांनी नुसत्या शिळेवर तो मासा बाहेर येऊ लागला. १९२३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि वाद संपला. (त्याला पुढे नोबेल मिळालं ते मधमाश्यांच्या नाचावरच्या कामासाठी. माशाच्या कानाला कुणी नोबेल देत नाही.)

ढोमा, कोत किंवा घोळ खाणाऱ्यांना त्या कानाची ओळख आहे, फक्त तो कान आहे हे ठाऊक नसतं. डोक्याचा तुकडा चोखताना दाताखाली पांढरा, चकचकीत खडा येतो. तो कानातला खडा. माशाचं शरीर जवळजवळ पाण्याच्याच घनतेचं, त्यामुळे आवाजाची लहर आली की मासा पाण्याबरोबर हलतो. कॅल्शियम कार्बोनेटचा हा खडा मात्र जड. एसटीने झटका दिला की उभा प्रवासी जसा क्षणभर मागे राहतो तसा तो मागे राहतो, त्याखालचे केस वाकतात, आणि आवाज ऐकू येतो. घोळीच्या कुळातले मासे ऐकतात तसे बोलतातही. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ते ढोलासारखा आवाज काढतात, विशेषतः विणीच्या हंगामात. घोळीची तीच पिशवी, म्हणजे भोत, सोन्याच्या भावाने विकली जाते. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली ध्वनिमुद्रण करून माशांचे असे सामूहिक आवाज ओळखले आहेत. संध्याकाळ झाली की आपल्या किनाऱ्यावरही पाण्याखाली समूहगान चालतं.

आता त्या गाण्यात जहाजाचा पंखा घाला.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने, आणि खालच्या पट्टीतला आवाज तर फार दूरवर पोचतो. मोठ्या जहाजाचा पंखा फिरताना पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. तो घरघराट शेदोनशे हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत जोरकस असतो, आणि समुद्रातल्या बहुतेक माशांचं ऐकणं हजार हर्ट्‌झच्या आतलं. लाटा, पाऊस, कोळंब्यांचे चटचट आवाज समुद्रात पूर्वीपासून आहेतच, मग यानेच काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी ही पट्टी लक्षात घ्यावी. चटचट करणाऱ्या कोळंबीचा आवाज बराचसा वरच्या पट्टीत असतो. जहाज बोलतं ते नेमकं माशाच्या पट्टीत.

याचे परिणाम काय होतात हेही आता अंदाजपंचे सांगायची गरज नाही. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात तेलशोधासाठी हवेच्या तोफा डागून होणाऱ्या सर्वेक्षणाचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले: सर्वेक्षणाच्या पट्ट्यात कॉड आणि हॅडकची ट्रॉलरला मिळणारी मासळी सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली, आणि सर्वेक्षण थांबल्यावर पाच दिवसांतही ती पूर्ववत झाली नाही. ऑस्ट्रेलियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशाच तोफेजवळ ठेवलेल्या स्नॅपर माशांच्या कानातल्या केसपेशी उखडलेल्या आढळल्या. ५८ दिवसांनीही जखम भरलेली नव्हती. मासे मात्र जिवंत होते! प्रवाळावरच्या डॅमसेल माशांबाबत असं दिसलं की जवळून मोटरबोटी जात असताना शिकारी मासे त्यांना दुपटीहून अधिक प्रमाणात पकडतात. मालवणात हंगामात प्रवाळाभोवती किती बोटी घिरट्या घालतात हे पर्यटकांनी पाहिलेलंच आहे. पालघर-वसईचे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की समुद्रात सेस्मिक सर्व्हे, म्हणजे हेच तोफांचं सर्वेक्षण, सुरू झाला की मासळी पळते. त्यावर ‘पुरावा काय’ असं तोंड वर करून विचारलं जातं. पुरावा नॉर्वेत तीस वर्षांपूर्वीच छापला गेला आहे.

मग कायदा काय म्हणतो? इथेच खरी गंमत आहे. हवा प्रदूषण कायदा १९८१ चा. १९८७ मध्ये दुरुस्ती करून त्यातल्या ‘हवा प्रदूषक’ या व्याख्येत आवाज घातला गेला. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, शांतता क्षेत्रं आली, गणपतीत डीजेचे डेसिबल मोजणारे पोलीस आले. पाण्याचा कायदा १९७४ चा. त्यात प्रदूषणाची व्याख्या करताना सांडपाणी आणि ‘द्रव, वायू किंवा घन पदार्थ’ असे शब्द आहेत. आवाज पदार्थ नाही, उजेड पदार्थ नाही. व्याख्येत पाण्याच्या भौतिक गुणधर्मांतला बदल असाही एक तुकडा आहे, आणि एखादा चतुर वकील त्यातून आवाज बाहेर काढूही शकेल. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी पाण्याखालचा मायक्रोफोन घेऊन बंदरावर गेल्याचं आपण ऐकलं आहे का? थोडक्यात, आवाज हवेतून गेला तर प्रदूषण आणि पाण्यातून गेला तर नाही, अशी आपली आजची स्थिती आहे.

जगाने हा विचार केलेला नाही असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात सागरी प्रदूषणाची व्याख्या करताना ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ असे शब्द वापरले आहेत. भारताने तो करार १९९५ मध्ये स्वीकारला. म्हणजे बाहेर आपण ऊर्जा मान्य केली आणि घरातल्या कायद्यात ती आणायची राहून गेली. युरोपीय संघाने २००८ च्या सागरी निर्देशात पाण्याखालच्या आवाजाला स्वतंत्र निकष दिला आणि २०२२ मध्ये आकडेही ठरवले: कोणत्याही सागरी क्षेत्राच्या वीस टक्क्यांहून अधिक भागावर वर्षभरात हानिकारक पातळीचा सततचा आवाज नको. हा आकडा कमी की जास्त यावर वाद घालता येईल. पण वाद घालायला त्यांच्याकडे आकडा तरी आहे.

उजेडाबद्दल आपल्याकडे एक आकडा नसला तरी एक बंदी आहे, आणि ती बंदी मला दुहेरी अस्वस्थ करते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लावून मासेमारी करायला भारताच्या सागरी क्षेत्रात मनाई केली. महाराष्ट्रानेही आपल्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दंड जबर वाढवले. मालवणपासून गोव्यापर्यंतचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याने मासे धरणारे, यासाठी रस्त्यावर उतरले होते. नौकेवर जनरेटर, पाण्यात सोडलेले झगझगीत दिवे, उजेडाकडे ओढलेली बारीक मासळी, तिच्यामागे आलेली मोठी, आणि भोवती टाकलेलं पर्ससीन जाळं. किनाऱ्याला येणारा थवा आधीच बाहेर उचलला गेला की रापणीत काय येणार?

बंदी योग्यच आहे. पण ती मांडली गेली ती मासळीच्या वाटणीचा प्रश्न म्हणून, कोणी किती ओढली या हिशेबाने. माशाच्या डोळ्याचा विचार त्यात फारसा नाही. माशाला पापणी नसते, आणि बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली लहान-मोठीही होत नाही. अंधार-उजेडाशी जुळवून घेण्यासाठी त्यांच्या दृष्टिपटलातल्या पेशी आणि रंगद्रव्य प्रत्यक्ष जागा बदलतात, आणि त्याला बराच वेळ लागतो. काळोखाला जुळलेल्या त्या डोळ्यावर एकदम दिवा पडला तर मासा मिटणार काय? हा विचार मान्य केला की प्रश्न नौकेवर थांबत नाही. जेटीवरचे रात्रभर जळणारे फ्लडलाइट, बंदराची रोषणाई, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे समुद्राकडे तोंड केलेले दिवे हेही त्यात येतात. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत अंड्यातून निघालेलं कासवाचं पिल्लू काळोख्या झाडोऱ्याकडे पाठ करून उजळ क्षितिजाकडे चालतं. मागे रिसॉर्टचा दिवा असेल तर ते उलटं चालायला लागतं. नौकेवरचा दिवा गुन्हा आणि किनाऱ्यावरचा दिवा पर्यटन विकास, ही विभागणी माशाने किंवा कासवाने केलेली नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मासे हलतील दुसरीकडे, समुद्र काय लहान आहे? हा आक्षेप घेणाऱ्याने डोळीची, म्हणजे एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी पाहिलेली नसते. वसई, उत्तन, अर्नाळा, सातपाटीचा बोंबील बराचसा डोळीत मिळतो. डोळ ओहोटी-भरतीच्या प्रवाहात खांबांना किंवा नांगरांना बांधलेली असते, उधाणाला भरते आणि भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, ढिली पडते. मासळीच्या मागे ती जाऊ शकत नाही. मासा दहा मैल सरकला तर तो माशाच्या दृष्टीने स्थलांतर असेल, डोळकरासाठी तो हंगाम बुडाला. शिवाय अंडी आणि पिल्लं कुठे सरकणार? प्रवाळावरच्या अनेक माशांची पिल्लं तर आवाजाच्या मागावर घर शोधतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मेलेल्या प्रवाळाजवळ जिवंत प्रवाळाचा आवाज स्पीकरवरून वाजवला, तर तिथे दुप्पट मासे येऊन राहिले. हे निष्कर्ष २०१९ चे. ज्या आवाजाने घर सापडतं तो दुसऱ्या आवाजाखाली बुडाला तर घर सापडणार नाही, हे समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव आणि दहा किलोमीटरचा लाटरोधक बांध. एवढ्या कामापुढे बोंबलाच्या कानाचं काय घेऊन बसलात? मला ते बंदर व्हावं की न व्हावं यावर इथे बोलायचं नाही. स्थानिकांनी त्यावर भरपूर आणि मुद्द्याचं बोलून ठेवलं आहे. माझं म्हणणं त्याहून छोटं आहे. बंदर, पूल, सर्वेक्षण, काहीही असो, पाण्यात खांब ठोकायचा असेल तर आधी वर्षभर तिथला आवाज मोजा, काम चालू असताना मोजा, आणि आकडे जाहीर करा. जर्मनीत समुद्रात पवनचक्कीचा खांब ठोकताना साडेसातशे मीटरवर आवाजाची ठरलेली मर्यादा पाळावी लागते. त्यासाठी खांबाभोवती समुद्रतळावर छिद्रांचा पाइप टाकून बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. ही मर्यादा तिथे पॉर्पॉइज या छोट्या जलचर सस्तन प्राण्यासाठी घातली गेली. पवनचक्क्या त्यामुळे बंद पडल्या नाहीत. व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून कमी आवाजाच्या जहाजांना बंदर शुल्कात सूट द्यायला सुरुवात केली. न्हावाशेव्याला हे जमणार नाही असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. आपण १ जून ते ३१ जुलै मच्छीमाराला नौका किनाऱ्याला ओढायला लावतो, कारण मासळीच्या विणीचा काळ. त्याच काळाचा मान खांब ठोकणाऱ्याने आणि तोफा डागणाऱ्याने का राखू नये?

मोजणारी माणसंही बाहेरून आणावी लागणार नाहीत. गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेकडे पाण्याखालचा आवाज मोजण्याचा अनुभव आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना काम द्यायचं, एवढंच. आणि ९६ तासांच्या परीक्षेत एक ओळ वाढवायची: उरलेले मासे भयद्रव्याच्या वासाला दाद देतात का, पाणी हललं की वळतात का. काचेची टाकी तीच, मासे तेच, एक दिवस जास्त.

व्याख्येचं काम दिल्लीत करावं लागेल. २०२४ मध्ये संसदेने पाणी प्रदूषण कायदा दुरुस्तीला घेतला तेव्हा बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून तिथे दंड ठेवला, उद्योगांना काही सवलतींची वाट मोकळी केली. व्याख्येला हात लावला नाही. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने अशा दुरुस्त्यांसाठी राज्यांचे ठराव लागतात, आणि ठराव करायला किनाऱ्याच्या राज्यांनी कुणाची वाट पाहायची गरज नाही. पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर करायला महाराष्ट्राला २०२३ साली जमलंच होतं. १९७४ च्या कायद्यातल्या ‘द्रव, वायू किंवा घन पदार्थ’ यापुढे ‘किंवा ध्वनी, प्रकाश, उष्णता यांसह कोणतीही ऊर्जा’ एवढे शब्द घाला, असा ठराव महाराष्ट्र आणि गोवा या दोन विधानसभांनी एका अधिवेशनात करता येईल.